नेट नसताना फेट आणि जिओजेब्रा: माझा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी गणित-विज्ञान शिकवतो. पावसाळ्यात आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, नेटचं तर नावच काढू नका. म्हणून वर्गात ऑनलाइन काही दाखवायचा नाद मी आधीच सोडला. 'फेट' हा कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला. त्यांची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, फुकट उतरवून घेता येतात, नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतात, कितीतरी मराठीतही आहेत. बेळगावात पाहुण्यांकडं गेलो की पेनड्राइव्ह भरून आणायचा, झालं. लॅपटॉपवर जिओजेब्रा हे आलेख-आकृत्या काढायचं सॉफ्टवेअरही टाकून ठेवलं. प्रोजेक्टर जुनाच, उजेड अडवायला खिडक्यांना पोती लावली.

पडद्यावर काही हललं की पोरं खूश, आणि तास कुठं गेला कळत नाही. म्हणून नियम केला: आधी वहीत अंदाज लिहायचा, मग मी बटण दाबणार. तो अंदाज खोडायचा नाही.

फेटमधल्या लंबकापासून सुरुवात केली. दोरी एक मीटर, वजन दुप्पट केलं तर झोका लवकर पुरा होईल की उशिरा? बहुतेकांनी 'लवकर' लिहिलं होतं. शेजारी शेजारी दोन लंबक सोडले, तर दोन्ही बरोबरीनं, फेरीला दोन सेकंद. मग गुरुत्वाकर्षण चंद्राचं निवडलं. तोच लंबक फेरीला जवळपास पाच सेकंद घ्यायला लागला, तशी वर्गात कुजबुज वाढली.

दहावीच्या वर्गसमीकरणात मात्र जिओजेब्रानं माझा बराच खडू वाचवला. य = क्ष² − ४क्ष + क हा आलेख काढला आणि स्लायडरनं क वाढवत नेला. क ३ असताना वक्र आडव्या अक्षाला १ आणि ३ वर छेदतो, तीच समीकरणाची मुळं. ४ झाला की २ वर नुसता टेकतो. ५ केला तशी मागच्या बाकावरनं एक पोरगी ओरडली, "सर, सुटला की ओ!" विवेचक (वास्तव मुळं आहेत की नाहीत ते सांगणारी राशी) ऋण असला की वास्तव मुळं का नसतात, हे फळ्यावर समजावताना माझा घसा बसायचा. तिनं स्वतः येऊन स्लायडर मागं ओढला आणि वक्र नेमका कुठं टेकतो ते सगळ्यांना दाखवलं.

विद्युत मंडलाला मी पडदा उशिरा लावतो. फेटमधली वायर सैल होत नाही, आणि आमच्या लॅबमध्ये निम्मा वेळ सैल जोड शोधण्यातच जातो. ते शोधणंही पोरांना आलं पाहिजे. त्यामुळं सेल, बल्ब, वायर आधी टेबलावर. लाइट गेली तरी तो तास अडत नाही.