"मॅडम, बॅटरी हाये का?"

रात्रीच्या फोनवर पत्ता सांगून झाला की शेतकऱ्याचा हा प्रश्न ठरलेला. आमच्या जुन्नर तालुक्यात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, आणि विजेरी फक्त शाळेच्या पुस्तकात. बॅटरीच म्हणायचं. मग बॅटरीच्या आत असते तिला काय म्हणायचं? सेल. झालं!

मी गुरांची डॉक्टर. गाय अडते ती बहुधा रात्री अकरानंतर, आणि तेव्हा लाईट गेलेली असते. असली तरी गोठ्यात बल्ब एकच, तोही दाराशी, आणि गाय त्याच्याकडे पाठ करून कोपऱ्यात उभी. मग घरातलं कुणीतरी मोबाईलचा उजेड धरतं. दोन मिनिटं बरं चालतं. माझा हात कोपरापर्यंत आत गेला, वासराचं एक खूर हाताला लागलं की उजेड धरणाऱ्यालाही बघायचं असतं. तो वाकतो आणि सगळा उजेड त्याच्याच चपलेवर. कुणाला बोलण्यात अर्थ नाही, त्याची गाय आहे.

म्हणून स्वतःची बॅटरी. आमच्या घरी आजोबांची पितळी बॅटरी होती, तीन मोठ्या सेलांची. ती पेटायची थोडी आणि कुत्र्यावर उगारली जायची जास्त. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा आठवडे बाजारातून 350 रुपयांची झूमवाली घेतली. खोक्यावर उजेडाचा, म्हणजे लुमेनचा आकडा इतका मोठा होता की त्यात नारायणगावचं स्टँड उजळलं असतं. आतल्या सेलवर 9900 एमएएच लिहिलेलं. एकदा सहज तो सेल औषधं मोजायच्या काट्यावर ठेवला, तर 27 ग्रॅम. त्या आकाराचा, म्हणजे 18650 सेल चांगल्या कंपनीचा असेल तर पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याची क्षमता साधारण 3500 एमएएचपर्यंत. 9900 चा 18650 अजून जगात कुणी बनवलेला नाही. बाजारात मात्र ढिगानं मिळतो.

तरी ती मी दोन वर्षं वापरली. सोडली ती एका गायीमुळे.

संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, ताप 105, चारा सोडलेला, कासेजवळ गोचीड. गोचीड तापात रक्त उतरतं, म्हणून आम्ही डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघतो. गुलाबी असेल तर बरं, पांढुरका म्हणजे रक्त कमी, पिवळट म्हणजे कावीळ. मी त्या बॅटरीनं बघितलं तर पापणी राखेसारखी. हिरड्या तशाच. "अवघड आहे" असं मी बोलून गेले, तेही दोनदा. औषध दिलं, रक्त काढून घेतलं आणि घरी आले. सकाळी उन्हात पापणी ओढली तर फिकट, पण चक्क गुलाबी. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 9.2. गायीला आठच्या वर चालतं. दोघं नवरा-बायको रात्रभर गायीशेजारी बसून होते. घरातली बाई डोळे सुजेपर्यंत रडली होती. माझ्याकडे बघून ती काही बोलली नाही, चहा मात्र केला.

तेव्हापासून मी बॅटरीत आधी रंग बघते. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. स्वस्त एलईडीत निळा भरपूर आणि लाल जवळजवळ नसतोच. उजेडातच लाल नाही, तर पापणीचा लाल दिसणार कुठून? रंग किती खरे दिसतात याचा आकडा असतो, सीआरआय. साध्या बॅटऱ्यांचा 70 च्या आसपास, मला हवा होता 90 च्या वर. दुसरा आकडा केल्विनचा. 6500 म्हणजे निळसर, ट्यूबलाईटसारखा. 2700 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, त्यात कावीळ झालेली आणि न झालेली गाय सारखीच दिसते. मी 5000 वर थांबले, दुपारच्या उन्हाच्या जवळचा.

गंमत म्हणजे 90 च्या वरचा एलईडी त्याच सेलवर थोडा कमी उजेड देतो, त्यामुळे खोक्यावर छापायला आकडा लहान पडतो. दुकानदारानं तर मला वेड्यात काढलं. "मॅडम, जास्त लुमेनची घ्या ना, बिबट्या पळून जाईल."

बिबट्याचा मुद्दा आमच्याकडे चेष्टेचा नाही. जुन्नर वनविभागात ऊस आणि बिबट्या दोन्ही भरपूर, आणि पाण्याची पाळी रात्रीची आली की माणसं अंधारात बांधावर असतात. म्हणून लांब टाकणारी बॅटरी घ्यावी का, यावर मी बरेच दिवस घालवले. लुमेन म्हणजे एकूण उजेड, आणि मधल्या झोताचा जोर तो कँडेला. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की खोक्यावरचे मीटर येतात. 10,000 कँडेला म्हणजे 200 मीटर. पण त्या 200 मीटरवर उजेड पडतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, बॅटऱ्या मोजायच्या नियमात तोच धरलाय. पौर्णिमेच्या चांदण्यात उसाच्या कडेचा बिबट्या ओळखून दाखवा! शिवाय झोत उसात शिरतच नाही, पहिल्या चार पानांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. माझं काम हाताच्या अंतरावरचं. मला पसरट उजेड हवा होता. गाडीपासून गोठ्यापर्यंत वाटेत साप दिसला म्हणजे पुष्कळ.

डोक्याला बांधायची का नाही घेतली, असं बरेचजण विचारतात. सिझेरियनला वापरते. एरवी नको. मी गायीकडे बघितलं की उजेड थेट तिच्या डोळ्यात, ती बिथरते, आणि पावसाळ्यात गोठ्यातले झाडून सगळे किडे माझ्या तोंडावर.

आकाराचं ठरवलं शिंप्यानं. कुर्त्यांना खिसे नसतात, मी शिवून घेते. 21700 या त्याहून मोठ्या सेलची बॅटरी त्यात टाकली तर कुर्ता एका बाजूला ओघळतो. पेन्सिल सेलची छान मावते, सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतो, पण त्यावर उजेड मला पुरत नाही, आणि विसरलेला अल्कलाईन सेल आत पाझरून बसतो. राहिली 18650 ची. टाइप-सी चार्जिंग, बुडाला चुंबक, आयपीएक्स 8, म्हणजे पाण्यात बुडवली तरी चालणारी. पाण्याचं मी ताणून धरलं, कारण काम झालं की बॅटरी बादलीत धुवावी लागते. कशानं माखलेली असते ते सांगत नाही. सगळं मिळून 2,600 रुपये. याच्या निम्म्यात खरा 90 सीआरआय मला मिळाला नाही. दुपटीच्या पुढे गेलं की माझ्या उपयोगाचं काही वाढत नव्हतं, डबा तेवढा देखणा.

तीन वर्षं झाली. टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाची पायरी, मी जवळजवळ वापरतच नाही. तीन-चार मिनिटांत नळी तापते आणि उजेड आपोआप उतरतो. हे सगळ्याच लहान बॅटऱ्यांचं आहे, कारण लुमेन मोजतात ते सुरू केल्यावर तिसाव्या सेकंदापासून दोन मिनिटांपर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा. जास्त वापर मधल्या आणि अगदी मंद पायरीचा. घरी परतल्यावर कुणाला न उठवता कुलूप उघडायला मंद पायरी लागते. तक्रारी दोन. चार्जिंगच्या भोकावरचं रबर दुसऱ्या पावसाळ्यात तुटलं, तेव्हापासून बादली बंद, ओला कपडा फिरवते. आणि एकदा खिशात बटण दाबलं जाऊन कुर्त्याला तपकिरी डाग पडला. आता बटण लॉक केल्याशिवाय गाडीत बसत नाही.

चुंबक मात्र सोन्यासारखा. गोठ्याच्या लोखंडी पाइपाला बुडाकडून चिकटवली की दोन्ही हात मोकळे, आणि माझ्यासाठी उजेड धरून कुणी वाकत नाही. फक्त निघताना ती तिथंच राहते. मागच्या महिन्यात बेल्ह्याकडे म्हैस सोडवून पहाटे घरी आले, खिसा रिकामा. आठला फोन केला.

"हाये हाये, पाइपालाच हाये. म्हटलं मॅडमनी पारडू दिसावं म्हणून ठिवली. पण आता इझली बघा. हिचा वायर कुठला?"