तुम्ही तिला एकटीला कसं राहू दिलंत?

आजी गेल्यापासून हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला, ऑफिसातल्यांनी विचारला, लांबच्या नातेवाइकांनी तर फोन करून विचारला. "शेवटपर्यंत एकटी? पडल्यानंतरसुद्धा?" बहुतेकांना उत्तर नकोच असतं, त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. पण परवा एका मैत्रिणीने विचारलं. तिच्या सासूबाई एकट्या राहतात आणि घरात रोज त्यावरून वाद चालू आहे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून लिहायला बसले. बाकीच्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

आजोबा गेले तेव्हा आजी ६१ वर्षांची होती. ती गेली ९६व्या वर्षी. मधली सगळी वर्षं ती स्वतःच्या घरात राहिली. मामाने बोलावलं नाही असं नाही, आईने बोलावलं, मावशीने तर तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. आजी सगळ्यांकडे जायची, आनंदाने राहायची आणि आठवड्याभरात पिशवी भरायची. तिच्या घराची किल्ली आम्हा सगळ्यांकडे होती, पण नियम होता : किल्ली असली तरी बेल वाजवायची आणि ती दार उघडेपर्यंत थांबायचं. तिला दारापर्यंत यायला जितका वेळ लागेल तितका वेळ थांबायचं. या नियमाचा मला फार अभिमान होता.

आणि हाच नियम पाळत मी त्या सकाळी दाराबाहेर उभी होते. बेल वाजवली, थांबले. पुन्हा वाजवली, पुन्हा थांबले. ती कानाचं मशीन झोपताना काढून ठेवायची, म्हणून अजून उठली नसेल असं वाटलं. शेवटी किल्ली लावली. आतली कडी रात्री लावायची नाही, एवढी एकच गोष्ट मावशीने तिच्याकडून भांडून कबूल करून घेतली होती. मावशीला श्रेय द्यायला मी कायम कंजूषपणा केला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. कडी लावलेली असती तर दार फोडावं लागलं असतं.

आजी पलंग आणि बाथरूमच्या मध्ये जमिनीवर होती. रात्री केव्हातरी उठताना पडली होती. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर चार्जिंगला होता. तिथपर्यंत जाता येणार नाही हे तिने ओळखलं आणि कोपरांवर सरकत पलंगाशी येऊन चादर खाली ओढून अंगावर घेतली. दोन्ही कोपरं सोललेली होती. ओठ कोरडे पडले होते. मी वाकले तेव्हा ती म्हणाली, "आधी गाऊन खाली ओढ, मग कुणाला बोलवायचं ते बोलव."

मी आधी गाऊन खाली ओढला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. वय ९१. असं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत करावं म्हणतात, कारण अंथरुणात पडून राहणं म्हाताऱ्या शरीराला झेपत नाही : स्नायू भराभर जातात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. आजीचं दुसऱ्या दिवशी झालं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की या वयात खुबा मोडलेल्या पाच जणांपैकी निदान एक जण वर्षभरात जातो, कधी तीनांतला एक. ते ऐकायची आमची तयारी होती. पुढे जे झालं त्याची नव्हती.

ऑपरेशनच्या रात्री आजी आम्हाला ओळखेनाशी झाली. मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. चादरीवरून काहीतरी वेचत होती. वॉर्ड म्हणजे तिला स्टेशन वाटत होतं आणि गाडी चुकेल म्हणून ती सलाईनची नळी ओढत होती. दिवसा जरा बरं, संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. माझी आजी, जिला पंधरा जणांचे फोन नंबर पाठ होते, ती मला विचारत होती, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

बाहेरच्या बाकावर मामा म्हणाला, "बुद्धी गेली तिची." त्याचे डोळे लाल झाले होते, हे तेव्हा मी पाहूनही पाहिलं नाही. मावशी म्हणाली, आता प्रश्नच मिटला. घर आवरायला घ्यायचं, वृद्धाश्रमात चौकशी करायची. आई काहीच बोलली नाही.

तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीने सांगितलं की याला डेलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर तो बऱ्याचदा होतो. भूल, वेदना, औषधं, अपुरी झोप, अनोळखी जागा, जंतुसंसर्ग, लघवी अडकणं, यातलं काहीही निमित्त पुरतं. हा स्मृतिभ्रंश नव्हे, बहुतेकदा तो उतरतो, कधी सावकाश उतरतो. मग तिने विचारलं, "आजींचा चष्मा कुठे आहे? मशीन लावतात का त्या?" दोन्ही घरी होतं, पलंगाशेजारच्या डबीत. म्हणजे आम्ही सगळे तिच्याशी बोलत होतो आणि तिला ना नीट दिसत होतं, ना ऐकू येत होतं.

मी डबी घेऊन आले. मशीन कानात बसवताना नेहमीसारखी शिट्टी वाजली. तिने मान झटकली, मग माझ्याकडे बघत राहिली. ओळखलं असं म्हणता येणार नाही, पण बघणं थांबलं नाही. ती त्या दिवशी बरी झाली नाही. पुढच्या रात्रीही गाडी चुकतच होती. पण दर सकाळी ती थोडी जास्त आमच्यात असायची, आणि एका सकाळी मामा खाटेशी उभा राहून घराच्या कागदपत्रांविषयी मावशीशी बोलत होता तेव्हा तिने डोळे न उघडता सांगितलं, "माझ्या घराचं बोलणं मला वगळून करू नका."

तर मुळात विचारणाऱ्यांना माझं हे सांगणं आहे : राहू देणं न देणं आमच्या हातात होतं, असं तुम्ही धरून चालता. तिचं डोकं ठिकाणावर होतं. घर तिचं, पेन्शन तिची. रात्रभर जमिनीवर पडून राहणं म्हणजे काय, हे आमच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच तिने परत जायचं ठरवलं. आम्ही तिला अडवू शकलो असतो ते फक्त ती अशक्त असतानाच्या त्या चार-सहा दिवसांत. तसं झालं असतं तर त्याला तुम्ही काळजी म्हटलं असतंत.

आणि 'एकटी' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं तसं काही नव्हतं. पुढचे काही महिने दिवसा एक बाई होत्या. फिजिओथेरपिस्ट यायचे. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, पायपुसणी आणि सतरंज्या काढल्या, रात्रीचा दिवा लावला, फोन गळ्यात अडकवला. रोज सकाळी ठरल्या वेळी ती मावशीला फोन करायची. वॉकर तिने नाइलाजाने घेतला आणि मग सोडला नाही. बेलचा नियम मात्र तिने बदलू दिला नाही. आता दार उघडायला आणखी वेळ लागायचा, आम्ही आणखी वेळ थांबायचो.

त्या वेळची मी यापेक्षा फार ठाम होते. मामाला मी १९७६ सालचा एक अभ्यास ऐकवायचे. एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा, आणि निवडून घेतलेलं रोप स्वतः सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की सगळं कर्मचारी बघतील, रोपालाही तेच पाणी घालतील. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही, जास्त वावरती झाली. मला तो अभ्यास अजूनही मोलाचा वाटतो. पण तो लहान होता, आणि त्यातली माणसं वृद्धाश्रमातच राहत होती. मामाने हे कधी मला सांगितलं नाही, मीच उशिरा नीट वाचलं.

तसंच झान कालमाँचं. जगात सर्वांत जास्त जगल्याची नोंद असलेली ही फ्रेंच बाई १९९७ मध्ये १२२व्या वर्षी गेली. जवळपास ११० वर्षांची होईपर्यंत ती एकटी राहत होती, हे मी मावशीला सांगायचे. मावशी म्हणायची, पुढचंही सांग : स्वयंपाक करताना घरात आग लागली म्हणून तिला हलवावं लागलं. मी म्हणायचे, मग त्याच्याही पुढचं ऐक : वृद्धाश्रमात गेल्यावर, ११५ वर्षांची व्हायच्या जरा आधी, ती पडली आणि तिचंही हाड मोडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे पासष्टीपुढची साधारण २८ ते ३५ टक्के माणसं दर वर्षी एकदा तरी पडतात. सोबत कुणी असलं तरी पडतात.

पण सोबत कुणी असलं तर रात्रभर पडून राहत नाहीत. याला तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तासाभराहून जास्त जमिनीवर पडून राहणं पडण्याइतकंच घातक ठरू शकतं. आजी वाचली, कारण मी त्या सकाळी जाणार होते. मी संध्याकाळी जाणार असते तर?

मावशीला मी एकदा तोंडावर म्हणाले होते की तुला तिची नाही, तुझ्या झोपेची काळजी आहे. आज हे वाक्य तसंच म्हणणार नाही. सकाळचा तो फोन दहा मिनिटं उशिरा आला तर मावशी चपला घालून बाहेर पडलेली असायची. माझ्या वाट्याला आजीचा ताठ कणा आला, मावशीच्या वाट्याला ती दहा मिनिटं. तरीही आजीने तिच्याकडे जाऊन राहायला हवं होतं, असं मला म्हणता येत नाही. मावशीची झोप हा आजीचं घर बंद करण्याइतका मोठा मुद्दा आहे का? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. कधी हो वाटतं, बहुतेकदा नाही वाटतं.

पडल्यानंतर आजी पाच वर्षं जगली. तिच्या घरात, तिच्या किल्ल्या कमरेला लावून. शेवटी न्यूमोनिया झाला, दोन आठवड्यांत गेली, तेव्हा मावशी तिच्याजवळ होती. ती मावशीकडे असती तर कमी जगली असती की जास्त, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी ही पाच वर्षं पुरावा म्हणून पुढे करणार नाही. ती त्या रात्रीच गेली असती तरी निर्णय तिचाच असता. फक्त तेव्हा मला हे लिहिण्याचं बळ झालं असतं का, माहीत नाही.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की सासूबाईंना विचार, आणि विचारताना त्यांनी मशीन लावलंय ना ते बघ. ती म्हणाली, "विचारलं. नाही म्हणतात. म्हणून तर तुला विचारतेय."