आधी उसने शब्द: ख्रिस्ती प्रार्थना शिकताना

डोळे मिटले, हात जोडले, 'हे प्रभू' म्हटलं... आणि पुढे काय? प्रार्थना शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडतो. मीही अडलो. 'मनात येईल ते बोल, देव ऐकतो,' असा सल्ला सगळीकडून मिळतो. तो खोटा नाही, पण नवख्याच्या उपयोगाचा नाही. त्या वेळी मनात येतं ते गॅसचं सिलिंडर, नाहीतर चुकलेली स्वारगेटची बस. विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधतात. प्रार्थनेतही पहिले काही महिने उसने शब्द बांधूनच उतरावं. खुद्द शिष्यांनीसुद्धा 'आम्हांला प्रार्थना करायला शिकवा' असं विचारलं (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय ११), तेव्हा येशूने त्यांना तयार शब्दच दिले.

ते शब्द म्हणजे प्रभूची प्रार्थना. मत्तय ६:९-१३ मध्ये ती सविस्तर आहे, लूकमध्ये थोडी आखूड. पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते, आणि पाठ झाली की ती अर्ध्या मिनिटात संपते. गोची तिथेच आहे. म्हणून मी ती तुकड्यांत मोडून घेतली. नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, इच्छा पूर्ण होवो, रोजची भाकर, ऋणांची माफी, परीक्षा, वाइटापासून सुटका असे सात भाग होतात. (काही जण शेवटचे दोन एकच धरतात.) एक भाग म्हणायचा, थांबायचं आणि त्याला जोडून आपलं एखादं वाक्य बोलायचं. भागाला एक मिनिट दिलं तरी सात मिनिटं होतात, आणि सुरुवातीला तेवढी पुरे. पहिल्याच दिवशी अर्धा तास ठरवणारे चौथ्या दिवशी बसतच नाहीत.

असं मोडून म्हटल्यावर रचना दिसू लागते. पहिल्या तीन मागण्या देवाविषयीच्या आहेत: तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. आपल्या गरजेची भाकर त्यांच्यानंतर येते. आणि अख्ख्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. 'आमचा पिता', 'आमची भाकर', 'आम्हांला सोडव'. एकट्याने दार लावून म्हटली तरी ती अनेकवचनीच राहते. त्यामुळे भाकरीच्या ठिकाणी थांबलं की आपल्या डब्याबरोबर शेजारच्याच्या डब्याचाही विचार करावा लागतो.

सगळ्यात जड भाग ऋणांचा, म्हणजे अपराधांचा. जसं आम्ही आपल्या ऋण्यांना सोडलं, तसं तू आम्हांला सोड, अशी ती मागणी आहे. इथे जीभ अडखळली तर पुढे रेटायचं नाही. ज्या नावाला अडखळलो ते नाव घ्यायचं. मत्तय ५ मध्ये तर स्पष्टच आहे की, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे कधी कधी प्रार्थनेची पुढची पायरी फोन करण्याची असते.

पापकबुलीतही हाच नेमकेपणा लागतो. 'चुकलंमाकलं माफ कर' हे पाहुण्यांना निरोप देतानाचं वाक्य आहे. काल संध्याकाळी कोणाशी काय खोटं बोललो, ते तसंच सांगायचं. मोघम कबुलीने हलकं वाटत नाही, कारण आपण काही उतरवून ठेवलेलंच नसतं. शब्द सापडत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र ५१ घ्यावं. तेही जड वाटलं तर लूक १८ मधल्या जकातदाराचं एकच वाक्य पुरतं: मज पाप्यावर दया कर.

दुसरा डबा स्तोत्रसंहितेचा, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकाचा. १५० स्तोत्रं आहेत, रोज पाच म्हटली तर महिन्यात संपतात. हा हिशेब ११९व्या स्तोत्रापाशी कोसळतो, कारण त्यात १७६ ओव्या आहेत. ते आठ-आठ ओव्यांच्या तुकड्यांत वेगळं ठेवावं. नवख्याने तर रोज एकच घ्यावं, आणि मोठ्याने. ओठ न हलवता वाचलं की ते वर्तमानपत्रासारखं वाचलं जातं. बहुतेकांना फक्त २३वं माहीत असतं, मेंढपाळाचं. पण शिकायला १३वं जास्त चांगलं. सहाच ओव्या आहेत. आधीच्या दोन तक्रारीच्या: किती दिवस मला विसरणार? मधल्या दोन मागणीच्या, शेवटच्या दोन भरवशाच्या. देवाशी भांडता येतं आणि तरी ती प्रार्थनाच असते, हे हे स्तोत्र दाखवतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तेही बायबलमध्ये आहे, हे वाईट आठवड्यात उपयोगी पडतं.

भाषेबद्दल. नवखा माणूस चर्चमधल्या मोठ्यांचं ऐकून 'हे सर्वसमर्थ दयाघना, आम्ही तुजपाशी येत आहोत' असं बोलू लागतो आणि दोन वाक्यांत दमतो. गरज नाही. मराठीत देवाला 'तू'च म्हणतात, विठ्ठलालाही आणि स्वर्गातल्या बापालाही. मग बाकीचं वाक्यही घरातलं असू द्यावं. पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

दुसरी खोड याच्या उलटी. 'प्रभू आम्ही प्रभू तुझे आभार प्रभू मानतो.' दम घ्यायला शब्द हवा म्हणून प्रभूचं नाव स्वल्पविरामासारखं वापरलं जातं. उपाय सोपा आहे: वाक्य संपलं की गप्प बसायचं. दोन-तीन सेकंदांची शांतता कोणाला खुपत नाही.

जागा आणि वेळ. पेठेतल्या दोन खोल्यांत येशूचं 'खोलीत जा, दार लाव' हे अक्षरशः जमत नाही. पहाटे पाणी भरायची गडबड सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं किंवा गच्ची, जे मिळेल ते. वेळेपेक्षा जागा ठरलेली असणं जास्त कामी येतं. रोज त्याच खुर्चीवर बसलं की मन लवकर खाली बसतं. गुडघे टेकायचे तर फरशीवर चौघडी घातलेली गोधडी घ्यावी, नाहीतर सगळं लक्ष गुडघ्यांतच जातं. आसनाचा नियम नाही: जकातदार उभा होता, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू पालथा पडला होता. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. बायबलचं ॲप उघडतो म्हणणारा आधी मेसेज उघडतो.

मन भटकणारच. ओढून आणण्यात ताकद घालवू नये. ज्याकडे गेलं त्याचंच नाव विनंतीत घ्यावं आणि सोडलेल्या ओळीवर परत यावं.

मंडळीत गेल्यावर वेगळे प्रश्न येतात. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौदासारख्या जुन्या चर्चमध्ये छापील उपासनाक्रम असतो. (१८९० मध्ये ज्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे चहाला गेले आणि त्यावरून वाद पेटला, तेच हे.) कधी उभं राहायचं, कुठे मोठ्याने म्हणायचं, ते पुस्तकात दिलेलं असतं, लाजऱ्याला ही पद्धत फार सोयीची. कॅम्पातल्या कॅथलिक मिस्सेला (तिथल्या मुख्य उपासनेला) गेलात तर एक लक्षात ठेवा: तिथे 'वाइटापासून सोडव' नंतर थांबतात, धर्मगुरू मध्ये प्रार्थना म्हणतात आणि मग 'राज्य, सामर्थ्य व गौरव' हा समारोप येतो, जो प्रोटेस्टंट न थांबता जोडूनच म्हणतात. प्रोटेस्टंट सवयीचा माणूस तिथे एकटाच पुढे जातो. रोझरी, म्हणजे कॅथलिक जपमाळ, शिकायची असेल तर माळेत ५९ मणी असतात: ५३ 'नमो मरिये' या मरियेच्या प्रार्थनेचे, ६ प्रभूच्या प्रार्थनेचे.

घरगुती प्रार्थनासभेत पाळी आली की तीन वाक्यं पुरतात: एक आभाराचं, एक मागणीचं, एक 'येशूच्या नावाने'. दोन गोष्टी टाळाव्यात. देवाला उद्देशून शेजाऱ्याला उपदेश करणं ही एक; आणि 'अमक्याच्या घरात जे चाललंय, प्रभू, तुला ठाऊकच आहे' ही दुसरी. ती प्रार्थना नव्हे, बातमी.

विनंत्यांसाठी मी वही ठेवतो. सगळी नावं रोज घेतली तर महिन्याभरात हजेरीपट होतो, म्हणून वारांत वाटली: घरचे रोज, आजारी सोमवारी, कामावरचे मंगळवारी, ज्यांच्याशी पटत नाही ते शुक्रवारी. डाव्या पानावर तारीख आणि मागणी, उजवं पान कोरं. उत्तर आलं की उजवीकडे तारीख पडते. काही पानं तीन वर्षं कोरीच आहेत. ती फाडायची नाहीत. नवीन वही घेताना ती नावं आधी उतरवून घ्यायची.