आमसुलाने घासलेली शिवराई

नाणी जमवणाऱ्या माणसाला सणाच्या आदल्या दिवशी कोकणातल्या घरी नेऊ नये. त्या दिवशी देवघरातली तांब्या-पितळेची उपकरणी मागच्या पडवीत निघतात आणि पळी-पंचपात्रीबरोबर शिवराईचं एखादं तांब्याचं जुनं नाणंही आमसुलाच्या पाण्यात पडतं. वर चिमूटभर मीठ, मग नारळाच्या सोडणाने घासायचं. नाणं घासू नये, हा संग्राहकांचा पहिला नियम. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर नाण्याला जपतो. आंबटात तो जातो, आणि बाजारातली किंमतही त्याच्याबरोबर जाते. हे मी आमच्या आत्याला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "मग देवाला काळं नाणं वाहू?"

शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सोन्याचा होन आणि ही तांब्याची शिवराई निघाली. होन फार थोड्यांच्या हाती लागला असणार. शिवराई मात्र मीठमिरचीच्या व्यवहारात उतरली, पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातसुद्धा बाजारातून लवकर हटली नाही. इतक्या टाकसाळी, इतके कारागीर. कुठे 'शिव'चं 'सिव' झालं, कुठे ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान म्हणून अर्धी अक्षरं बाहेरच राहिली. संग्राहक या तऱ्हा शोधून शोधून जमवतात. शाळेत ज्याला गुण कापले असते, त्याला इथे जास्त पैसे.

राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. मुंबईत पाडलेली आमची नाणी तुमच्या मुलुखात चालावीत, असं तहातलं एक कलम त्याने पुढे ठेवलं. महाराजांचं उत्तर मला फार आवडतं. कोणतंही नाणं चालायला मी मनाई करत नाही, पण तोटा सोसून ते घ्यायची सक्ती रयतेवर करणार नाही. तुमचं नाणं वजनाला आणि कसाला इतरांसारखं असेल तर ते आपोआप चालेल. अर्थशास्त्राचे जाड ग्रंथ वाचून जे नीट कळत नाही, ते इथे एका कलमाच्या उत्तरात आहे.

त्याआधीचं कोकणातलं सर्वांत गमतीदार चलन म्हणजे लारी. तिला नाणं म्हणावं की तार, हा प्रश्नच आहे. चांदीची जाड तार मधोमध दुमडायची आणि तिच्यावर ठसा मारायचा. दिसायला केसात खोचायच्या आकड्यासारखी. मूळ इराणातल्या लार गावची, म्हणून लारी. इराणी आखातापासून सिंहलद्वीपापर्यंतचे व्यापारी ती ओळखत. विजापूरच्या आदिलशाहीनेही मग स्वतःच्या नावाच्या लाऱ्या काढल्या. समुद्रावर राजापेक्षा गिऱ्हाईकाची सवय मोठी, हे दरबारालाही पटलं असावं. दाभोळच्या धक्क्यावर आज उभं राहिलं तर फेरीबोटीच्या तिकिटाची रांग दिसते आणि हल्ली तिथेही सुट्ट्यावरून वाद होतात.

राणीछाप रुपयांबद्दल मी फार लिहीत नाही. ते प्रत्येक घरात दोन-चार असतात आणि लक्ष्मीपूजनाला बाहेर येतात, यापलीकडे त्यांचा अभिमान बाळगावा असं मला काही वाटत नाही. पंचम जॉर्जचा १९११चा रुपया मात्र हातात आला तर सोडू नका. राजाच्या गळ्यातल्या माळेवर हत्ती काढला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, पुढच्या वर्षी सोंड नीट काढली गेली आणि आधीचे बरेचसे रुपये वितळवले. उरले त्यांना संग्राहक आजही डुकराचा रुपया म्हणतात.

आणि आखाती नोटा. कुवेत, बहारीन, कतार इथे एके काळी आपलाच रुपया चाले. तिकडून सोनं चोरून यायचं आणि त्याच्या बदल्यात गेलेले रुपये परकीय चलन मागायला सरकारच्या दारात परत यायचे. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. दहाची लाल, शंभराची हिरवी, क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. भारतात त्या चालत नसत. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला, १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उरलेल्यांनीही हळूहळू रुपयाचा हात सोडला. आता या नोटा लिलावात भारी किमतीला जातात.

आमच्या खाडीपट्ट्यातली कितीतरी माणसं तेव्हा आखातात कामाला होती. एखाद्या तरी ट्रंकेत लाल नोट निघेल, या आशेने मी मोहल्ल्यातल्या एका वयोवृद्ध चाचांना विचारलं. ते उमेदीची वर्षं कुवेतला राहिलेले. नोट त्यांना लख्ख आठवत होती, रंगासकट.

"मग एखादी ठेवली नाहीत, चाचा?"

"ठेवतो कशाला? घरावर कौलं चढवायची होती."