तुम्ही विचारलंत म्हणून: एकाला जादा वेळ, मग बाकीच्यांचं काय?

पालकसभा संपल्यावर कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, त्या मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळतो. मग आमच्या मुलांवर हा अन्याय नाही का?"

विचारणारे खवचट नसतात, हे आधी सांगते. शाळेने सगळ्यांना एकाच मापाने मोजावं, हे मलाही पटतं. माझं म्हणणं एवढंच, की आपण नक्की काय मोजतोय ते आधी ठरवू.

नळ आणि टाकीचं गणित घ्या. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचन जड जाण्याची अडचण, असलेलं मूल हे वाचताना ओळीखाली बोट धरतं. 'दुसरा'पाशी अडखळतं, पुन्हा सुरुवातीला जातं. 'चार' कुणाचे आणि 'सहा' कुणाचे हे लागेपर्यंत शेजारच्याने पान उलटलेलं असतं. तेच गणित तोंडी घाला. २ तास २४ मिनिटं, असं सांगून ते मोकळं होतं. मग लेखी पेपरात आपण तपासलं काय, गणित की वाचनाचा वेग? आणि ज्याला हे गणित येतच नाही, त्याला अर्धा तास जास्त दिला तरी तो पेनाचं टोपण चावत बसणार. जादा वेळाने उत्तर सुचत नाही.

जिथे वेग हाच विषय आहे, म्हणजे टायपिंगसारख्या परीक्षेत, तिथे माझं मत वेगळं आहे. तिथे मी सवलतीची शिफारस करत नाही.

'सगळ्यांना सारखंच दिलं की झालं' हा युक्तिवाद कोर्टातही जाऊन आलाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना भाषेची वेगळी मदत मिळत नव्हती. पुस्तकं तीच, शिक्षक तेच, मग तक्रार कसली, असा सवाल होता. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात मुलांच्या बाजूने एकमताने निकाल दिला. शिकवण्याची भाषाच कळत नसेल, तर तेच पुस्तक हातात ठेवणं ही समान वागणूक होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

तरी तुमच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे, आणि ती आम्ही शाळावाले सहसा बोलत नाही. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तज्ज्ञाकडे तपासणी, खेपा, पैसे, आणि मुळात 'हा आळशीपणा नाही, वेगळं काहीतरी आहे' हे ओळखणारं कुणीतरी घरात हवं. ज्या घरात हे सगळं आहे तिथलं मूल सुटतं; ज्या घरात नाही, तिथलं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर जातं. म्हणून पालक अर्ज करतील याची वाट शाळेने बघू नये. प्राथमिक वर्गांतच शिक्षकांनी वाचन तपासावं आणि पुढची तपासणी शाळेच्या खर्चाने व्हावी. पट दरवर्षी बदलतो, शिक्षक बदलतात, त्यामुळे हे दरवर्षी नव्याने करावं लागतं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरच्या जागतिक परिषदेत, ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलं होतं, की शाळेने मुलाप्रमाणे स्वतःला बदलायचं. पण वेळापत्रकात त्यासाठी तास राखलेला नसेल, तर समावेशकतेचं धोरण दाराशी फ्रेम करून लावलं काय, नाही लावलं काय.

परवा एका वडिलांनी वैतागून विचारलं, "मग सगळ्यांनाच जादा वेळ द्या ना!"

द्यावा की. दीड तासात सुटेल असा पेपर काढून सगळ्यांनाच दोन तास दिले, तर बऱ्याच मुलांना वेगळी सवलत मागावीच लागणार नाही. लेखनिक लागणारी थोडी मुलं उरतील, त्यांची सोय करता येते. आमच्या स्टाफरूममध्ये याला तत्त्व म्हणून कुणाचाच विरोध नाही. घोडं अडलंय ते दुपारच्या बॅचला वर्ग कधी रिकामे करून द्यायचे, यावर.