दम लागलाच नव्हता

गर्भाशयाच्या कर्करोगातून उठलेल्या एक काकू फिजिओथेरपीसाठी आल्या. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, सगळं पार पडलेलं. कागदावर शेरा होता: ‘थकवा, व्यायामाची इच्छा नाही.’ लेक म्हणाली, “मॅडम, तुम्हीच जरा दम भरा. घराबाहेर पाऊल टाकत नाही.”

मी आधी सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेते. ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर जमेल तितक्या वेगानं येरझारा घालायच्या. थांबलं तरी चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. त्याआधी काकू दोनदा बाथरूमला जाऊन आल्या. निम्म्या वेळातच थबकल्या. मांड्या आवळलेल्या, एक हात भिंतीला. पण श्वास शांत, नाडीही फार वाढलेली नाही, बोलणं सलग. हा काही थकवा नव्हे. लेकीला काहीतरी कारण काढून बाहेर बसवलं आणि सरळच विचारलं, “लघवी सुटते का?”

काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. “खोकलं की, पायरी चढलं की. बाहेर गेले तर कपडे ओले होतील म्हणून पाणीसुद्धा पीत नाही.”

पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. शिवाय रेडिएशनचा त्रास मूत्राशयालाही होऊ शकतो, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडलं; जंतुसंसर्ग नाही ना, ते तपासून घेतलं. मग लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी. रेडिएशननंतर हे स्नायू कधी ढिले पडतात, तर कधी उलट आखडलेले असतात. आखडलेल्यांना आणखी आवळायला लावलं तर त्रास वाढतो. सरसकट सगळ्यांना ‘केगल करा’, म्हणजे हे स्नायू आवळायचा व्यायाम करा, असं सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. काकूंचे ढिले होते. काही सेकंद आवळायचं आणि मग पूर्ण सैल सोडायचं. हे सोडणंच त्यांना जड गेलं. श्वास रोखून धरायच्या. खोकला येतोय असं वाटलं की त्याआधी आवळायचं, ही युक्ती मात्र पटकन जमली.

चालणं आम्ही थोडं-थोडं वाढवत नेलं. उद्दिष्ट नेहमीचंच: आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. कर्करोगानंतरचा थकवा, चिंता आणि एकूण जगणं यांत इतक्या व्यायामानंही फरक पडतो, असा निष्कर्ष अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकारानं जमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये काढला. जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचा उचलणं.

काही महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा सहाही मिनिटं काकू न थांबता चालल्या. अंतराचा आकडा सांगायला गेले तर त्यांनी मध्येच तोडलं, “ते असू दे. काल मी पोट धरून हसले, कपडे कोरडे!”

किमोमुळे तळपायांना आलेला बधिरपणा मात्र अजून गेलेला नाही. उतारावर त्या कठडा सोडत नाहीत. सध्या भिंतीशी उभं राहून तोल सांभाळायचा सराव चालू आहे.