ज्वालामुखीखालचा भूकंप नेमका कुठे?

आज सोलापुरात, कॉलेजच्या लॅबमध्ये दिवसभर भूकंपाच्या पी (आधी पोचणाऱ्या) आणि एस (मागून येणाऱ्या) लहरींच्या वेळा टिपणं चाललं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

दोन्हींतला सेकंदांचा फरक गुणिले आठ, की भूकंपाचं साधारण अंतर किलोमीटरमध्ये. हे किल्लारीकडच्या कठीण खडकाला ठीक. ज्वालामुखीच्या वरच्या थरात राख नि भेगाळलेला लाव्हा; तिथं लहरी रेंगाळतात, आठाचा आकडा बराच खाली येतो.

भूकंप किती खोल, याचं दुखणं वेगळंच. केंद्राच्या वर, खोलीइतक्याच अंतरात एखादं स्टेशन (लहरी नोंदवणारं यंत्र) नसेल तर खोली निव्वळ अंदाज! सगळी स्टेशनं एकाच उतारावर असली, केंद्राभोवती 180 अंशांहून मोठी बाजू स्टेशनांविना राहिली, तर ठिकाणच घसरतं. घड्याळ 0.1 सेकंद चुकलं तर सेकंदाला 5 किमी वेगाने अंतरात अर्ध्या किलोमीटरची चूक. आणि शिखरावरच्या स्टेशनची उंची लहरींच्या वेगाच्या मॉडेलमध्ये घाला राव, ती हमखास राहते.